संडासाच्या कडीचा मार्च

शी! त्या रोदिओनचं नाव काढलं तरी मला चूळ भरावीशी वाटते.

दिसायला माणूस अगदी टापटीप. मॉस्कोचा. गळ्यात मऊ मफलर, हातांना क्रीमचा वास, आणि बोलताना समोरच्याचा दंड धरून ठेवायची सवय. धंदा काय, तर दुसऱ्यांची दुःखं विकणं. 'गळा दाबलेलं संगीत' अशा नावाची डिस्कची मालिका काढतो. सोव्हिएत काळात ज्यांना कुणी विचारलं नाही असे संगीतकार हुडकायचे, त्यांच्या रचना आमच्यासारख्या आडगावच्या ऑर्केस्ट्राकडून स्वस्तात वाजवून घ्यायच्या आणि वेष्टनावर काटेरी तारांचं चित्र छापायचं. मग त्या बिचाऱ्याचा तारांशी संबंध असो वा नसो.

आमच्या इग्नाती झाखारोविच पेरेगूदोवचा तर काडीचा नव्हता. त्याला कुणी तुरुंगात टाकलं नाही की हद्दपार केलं नाही. त्याचं संगीत कुणी वाजवलं नाही, एवढंच. व्होल्गाकाठच्या आमच्या गावात तो संगीतशाळेत पोरांना चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, शिकवायचा आणि घरी चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहीत बसायचा. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक चार भागांचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो पुढे आणि मागे सगळा ऑर्केस्ट्रा. तो एकदाच वाजला. संगीतकार संघातल्या बड्या मंडळींनी जांभया देत टाळ्या वाजवल्या, आणि पन्नास वर्षं तो कपाटात पडला. इग्नाती झाखारोविच तसाच मेला. कपाट राहिलं त्याच्या मुलीकडे, नोन्ना इग्नात्येव्नाकडे. तिच्या सहीशिवाय डिस्क निघणार नव्हती.

तिचं मागणं एकच होतं. चारही भाग वाजले पाहिजेत, आणि चौथा, म्हणजे शेवटचा, पावलं टाकत चालायच्या ठेक्यातला मार्च, बाबांनी लिहिलाय तस्साच.

त्या मार्चनेच सगळा घोळ घातला.

मी राइसा, ओळखीच्यांची राया. या ऑर्केस्ट्रात चेलोवाल्यांच्या पहिल्या खुर्चीवर बसते. बाहेरून मोठा वादक येणार असला की तो येईपर्यंत तालमीत त्याच्या जागी आम्हीच वाजवायचं असा आमच्याकडे रिवाज आहे. पाहुणा आला की उठायचं, आपली खुर्ची गाठायची, आणि मान डोलवत त्याच्यामागे वाजवायचं. यंदाही मी तेच केलं. कॉन्चेर्टो पाठ होईपर्यंत वाजवला, आणि मग प्लातोन नावाचा पाहुणा आला. विशीतला, चार स्पर्धा जिंकलेला. वाजवताना डोळे मिटून तोंड असं वेडंवाकडं करायचा की बघणाऱ्याला वाटावं पोटात मुरडा आलाय.

"राया, ह्याला कुणीतरी ओवा द्या," आमचा गेना पुटपुटला. गेना नगारे वाजवतो. त्याची जीभ त्याच्या काठ्यांपेक्षा जोरात चालते.

रेकॉर्डिंग जुन्या सूतगिरणीच्या संस्कृती भवनात होतं. गावचे सामाईक हीटर अजून सुरू झाले नव्हते, त्यामुळे सगळे कोट घालून बसलेले. बायकांच्या संडासातून क्लोरीनचा वास थेट स्टेजपर्यंत यायचा. डोक्यावर लाल दिवा. तो पेटला की यंत्र चालू, मग नाकही ओढायचं नाही. खुर्ची करकरली की पहिल्यापासून. कुणाच्या पोटात गुरगुरलं की पहिल्यापासून. दोन दिवसांत आम्ही सगळे त्या दिव्याला इतके भ्यायलो की लांडग्यासमोर बसल्यासारखे ताठ बसायचो.

पहिले तीन भाग कसेबसे निघाले. तिसरा तसा सुंदरच आहे, संथ, पोटातून आलेला. तो संपला तेव्हा रोदिओन काचेमागच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आला. खरंच पुसत होता, मी पाहिलं. लगेच मफलर नीट केला.

"बस्स. इथेच संपवायचं," तो म्हणाला. "ह्याच्यानंतर तो मार्च? छे! बंदूक डोक्याला लावून लिहून घेतलाय तो. ऐकताक्षणी कळतं."

नोन्ना इग्नात्येव्ना सातव्या रांगेत बसली होती, मांडीवर कोबी भरून भाजलेल्या पिरोगांचा डबा. रोज आम्हा सगळ्यांसाठी करून आणायची. ती उठली.

"कोणी बंदूक लावली?" तिने विचारलं. "आमच्या घरी बंदूकवाला कधी आला नाही बाई. गॅसवाला यायचा."

सगळे हसले. रोदिओनही हसला, दात दाखवून. जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला चहाच्या टेबलाशी गाठलं आणि दंड धरला. मी तिथेच ग्लासात साखर ढवळत उभी होते.

"आमच्या लाडक्या नोन्ना इग्नात्येव्ना, मला कळतं. पण त्या काळात शेवट आनंदीच हवा असा हुकूम असायचा. तुमच्या वडिलांनी मनावर दगड ठेवून लिहिला असणार."

"दगड कसला? आम्हाला घर मिळालं होतं!" ती म्हणाली. "तू सामाईक घरात राहिलायस का रे बाळा? आम्ही सात कुटुंबं होतो. एक स्वयंपाकघर, एक संडास. सकाळी रांग लागायची, आणि दाराला कडी नाही. मोडलेली. आत बसलं की एका हाताने दार ओढून धरायचं. बाबा तसे लाजाळू. वर्षानुवर्षं दार धरून बसले. मग पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. आमचं एकट्याचं. पहिल्या दिवशी बाबा काय करतात? सामान तसंच टाकलं आणि संडासात गेले. कडी लावली. काढली. परत लावली. खट्‌! आणि आतून मोठ्याने गायला लागले. आई म्हणाली, इग्नात, वेड लागलं का? ते म्हणाले, कागद दे! आई म्हणाली, तिथे आहे की! ते म्हणाले, अगं तो नव्हे, सुरांचा कागद!"

मला हसू आवरेना. आम्ही सगळेच तसल्या घरांत वाढलोय. माझी आजी तर कपड्यांचा चिमटा नेऊन दार अडकवायची. त्या मार्चमध्ये सुरुवातीला नगाऱ्यावर दोन टोले आहेत, मग चेलो एकटाच उड्या मारत निघतो. ते टोले कसले आहेत हे आता कळलं, आणि मी गेनाला बोलावून सांगितलं. तो तर टेबल धरून वाकला.

रोदिओन हसला नाही. त्याने मान तिरकी केली, आजाऱ्याशी बोलतात तसा आवाज काढला.

"तुम्ही तेव्हा अकरा वर्षांच्या होता ना? त्यांनी तुमच्यापासून लपवलं. बाप मुलांपासून लपवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप तिचा, संडास तिचा, आणि हा उपटसुंभ तिला सांगतोय की तुझ्या घरी आनंद झालाच नव्हता म्हणून! नोन्ना इग्नात्येव्नाने डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "मार्च वाजेल तर सही. नाही तर मी माझे कागद घेऊन घरी जाते."

सुट्टी संपता संपता आमचा कंडक्टर लेव्ह गेर्मानोविच पुढच्या खुर्च्यांवरच्या लोकांना कोपऱ्यात घेऊन गेला. हा माणूस कधी कुणाच्या डोळ्यात बघत नाही, मनगटावरच्या घड्याळात बघतो.

"हे बघा, मार्च वाजवायचा. म्हाताऱ्या बाईच्या समाधानासाठी. दिवा लागेल, पण आत यंत्र बंद असेल. उगाच घाम गाळू नका. एकदा वाजवा, ती सही करेल, आपण घरी."

"आणि डिस्कवर?" मी विचारलं.

"डिस्कवर तीनच भाग. नंतर काहीतरी कारण सांगतील तिला. तांत्रिक."

"लाज नाही वाटत, लेव्ह गेर्मानोविच? तिने तुम्हाला तीन दिवस पिरोग खाऊ घातलेत."

"तुम्ही पण खाल्लेत," तो म्हणाला आणि घड्याळ बघितलं.

आमच्या पुढच्या सगळ्या रेकॉर्डिंगची दोरी रोदिओनच्या हातात. मी मूग गिळून खुर्चीवर जाऊन बसले. पाच मिनिटांत कुजबुज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली: दिवा खोटा आहे.

दिवा लागला. गेनाने दोन टोले दिले, खट्‌ खट्‌. आणि आक्रीतच घडलं.

तीन दिवस आवळून बसलेली माणसं एकदम सैल सुटली. खोकायचं त्याने खोकून घेतलं. हॉर्नवाल्यांनी गालांत वारा भरला आणि असे फुंकले की खिडक्या थरथरल्या. प्लातोनने डोळे उघडले! पहिल्यांदाच. तोंडावरचा मुरडा गेला, पाय आपटत, खांदे उडवत वाजवायला लागला. वीस वर्षांचं पोर पहिल्यांदा वीस वर्षांचं दिसलं. बासरीवालीचा एक सूर घसरला तर ती वाजवतावाजवता हसली, आणि तिचं हसू बघून सगळी रांग हसली. मार्च काय होता सांगू! कोटाची बटणं उघडी टाकून माणूस आपल्याच घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतोय, असा. मी विसरून गेले कुठे बसलेय ते. सातव्या रांगेत नोन्ना इग्नात्येव्ना दोन्ही हातांनी हवेत ताल देत होती, गाल ओले झालेले.

शेवटचा सूर संपला आणि मग माझ्या लक्षात आलं, हे कुठेही उरणार नाही. काचेमागे रोदिओन मोबाइलवर बोलत होता. पाठमोरा.

स्टेजवर सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते. प्लातोनला रात्रीची मॉस्कोची गाडी गाठायची होती. त्याने चेलो पेटीत घातला, नोन्ना इग्नात्येव्नाच्या गालाचा मुका घेतला आणि धावत निघून गेला.

ती स्टेजपाशी आली. कोटाची कॉलर नीट करत म्हणाली, "चला, आता ऐकवा."

तीन दिवस तिने पाहिलं होतं की प्रत्येक वेळी वाजवून झालं की कंडक्टर आणि वादक आतल्या खोलीत जाऊन ऐकतात. तिला वाटलं आता आपली पाळी.

रोदिओन बाहेर आला. "नोन्ना इग्नात्येव्ना, काय सांगू, यंत्राने दगा दिला. नेमका हाच भाग… तांत्रिक बिघाड. पण तुम्ही ऐकलात ना? सही इथे."

"बिघडलं?" ती म्हणाली. तिचा विश्वास बसला, हेच मला जास्त लागलं. जराही शंका नाही. "अरेरे. मग पुन्हा वाजवा. मला काही घाई नाही. ऐकून मगच सही करते."

"प्लातोन तर गेला…"

"मग राया आहे की. तालमीत तीच वाजवत होती, मी ऐकलंय."

रोदिओनने माझ्याकडे पाहिलं. लेव्ह गेर्मानोविचने घड्याळाकडे. कागदावर सही नव्हती आणि बाई हलायला तयार नव्हती. रोदिओन माझ्याजवळ आला, माझा दंड धरला, आणि कानाशी म्हणाला, "वाजवा हो. ह्या वेळी खरंच रेकॉर्ड करतो, तिला ऐकवायला. नंतरचं नंतर बघू."

त्याचा तो गुळगुळीत हात! मी झटकला. पण मनात म्हटलं, थांब मेल्या. असा वाजवते की तुला डिस्कवर घ्यावाच लागेल.

"गेना, बस," मी म्हटलं. "यंत्र चालू असेल तर दिवा लावा. आणि मी स्वतः आत जाऊन बघणार चालू आहे का."

मी गेले, पाहिलं, चालू होतं. परत येऊन प्लातोनच्या जागी बसले.

दोन टोले. मी गज उचलला.

एकही सूर चुकला नाही. मी आयुष्यात इतकं अचूक वाजवलं नसेल. पण डोळ्यांसमोर काय होतं? रोदिओनचे दात. लेव्ह गेर्मानोविचचं घड्याळ. 'बाप मुलांपासून लपवतात.' मी पण खाल्लेले ते पिरोग. गज तारेवर असा घासत होता की जणू कुणाची तरी कातडी सोलतेय. उड्यांच्या जागी मी लाथा मारत होते आणि मला ते कळतही होतं, पण हात सैल पडेना. मागे ऑर्केस्ट्रा पुन्हा ताठ झाला होता, दिवा खरा होता ना. बासरीवालीने एकदाही चूक केली नाही.

संपलं. काचेमागचं दार धाडकन उघडलं आणि रोदिओन हात पसरून धावत आला.

"राइसा! काय केलंत हे! प्रत्येक सुरात विष! दात आवळून हसणं! जबरदस्तीचा आनंद, अगदी असाच! हेच मला हवं होतं आणि त्या पोराकडून कधीच मिळालं नसतं. मार्च राहणार! चारही भाग!"

लेव्ह गेर्मानोविचने सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी टाळी वाजवली. मी चेलोला धरून नुसती बसून राहिले.

नोन्ना इग्नात्येव्ना आत गेली, खुर्चीवर बसून पूर्ण ऐकलं. मी दारात उभी होते. ऐकताना तिने एकदाही हात हलवला नाही. संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"राया, पोरी, तुला एवढा राग कुणाचा आला गं?"

खरं सांगायचं तर मला तिला मघाचं सगळं सांगावं लागलं असतं, तो खोटा दिवा, ते कोपऱ्यातलं बोलणं.

"बाबा त्या दिवशी कुणावर चिडले नव्हते," ती हळूच म्हणाली.

"मी परत वाजवते. लगेच. अजून एकदा, नोन्ना इग्नात्येव्ना!" मी वळून स्टेजकडे पळाले. हॉर्नवाले केव्हाच गेले होते, त्यांना संध्याकाळी लग्नात वाजवायचं होतं. गेना नगाऱ्यांवर कापड टाकत होता.

"गेना, काढ ते कापड."

"कुणाबरोबर वाजवणार, राया?" तो म्हणाला, पहिल्यांदाच चेष्टा न करता. "सगळे गेले."

मी मागे फिरले तर ती सही करत होती. रोदिओनने पाठीमागून तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"जाऊ दे गं," तिने मला सांगितलं. "चारही भाग आले ना. लोक थकलेत, भुकेजलेत. डब्यात अजून दोन पिरोग आहेत, घेऊन जा."

डिस्क हिवाळ्यात निघाली. वेष्टनावर काटेरी तार आहेच. चौथ्या भागासाठी माझं नाव वेगळं छापलंय. मॉस्कोच्या एका मासिकात कुणी लिहिलं की पेरेगूदोवने हुकमाने लिहिलेल्या हास्यामागचा आक्रोश राइसाच्या गजाने अखेर उघडा केला. ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी ते पान कापून सूचनाफलकावर लावलं, मी दोनदा फाडलं, त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. संगीतशाळेत आता पोरांना तसंच वाजवायला शिकवतात, दात आवळून. मला बोलावतात दाखवायला. मी जात नाही.

परवा आठ मार्चला नोन्ना इग्नात्येव्नाचा फोन आला, बायकांच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला. तब्येतीचं बोललो, बटाट्यांचं बोललो. शेवटी मी धीर करून विचारलं, डिस्क ऐकता का?

"ऐकते की, रोज संध्याकाळी," ती म्हणाली. "तिसरा भाग संपला की उठून बंद करते."